हितसंबंधी (इंटरनेट कारभारातील)

इंटरनेटची नावे, पत्ते आणि नियम यांविषयीच्या निर्णयांत ज्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागते, असे घटक. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाज शिखर परिषदेने सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज असे तीन मुख्य घटक मानले व तंत्रज्ञांच्या योगदानाचीही दखल घेतली. त्यात धोरण ठरवण्याचा सार्वभौम अधिकार राज्यांकडे राहिला आणि नागरी समाजाचे महत्त्व विशेषतः स्थानिक पातळीवर मानले गेले. ही गणना संस्थांची आहे. निर्णयाची झळ कोणाला बसते, हे तिच्यावरून कळत नाही.

‘डॉट ऑर्ग’च्या प्रकरणात ही उणीव उघडी पडली. ‘.org’ने संपणारी संकेतस्थळांची नावे सांभाळणारी ना-नफा संस्था एथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकण्याचा करार इंटरनेट सोसायटीने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला, किंमत १.१३५ अब्ज डॉलर. विकणारी, घेणारी आणि मंजुरी देणारी आयकॅन (इंटरनेटच्या नावांचा व पत्त्यांचा समन्वय करणारी संस्था) या तिन्ही संस्था ट्युनिसच्या गणनेत सहज बसतात. एक कोटीहून अधिक नावांचे धारक मात्र करार ठरताना कुठेच नव्हते. त्याच वर्षी या नावांच्या दरावरील मर्यादा काढण्याआधी आयकॅनने लोकांची मते मागवली होती. हजारो मते आली, बहुतेक विरोधात. मर्यादा तरीही उठली. ऐकून घेतले म्हणजे हितसंबंधी मानले, असे म्हणूनच धरता येत नाही. पुढे विरोध वाढला, कॅलिफोर्नियाच्या महान्यायवाद्यांनी आक्षेपाचे पत्र धाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. व्यवहारामुळे ही नावे सांभाळणाऱ्या संस्थेवर ३६ कोटी डॉलरचे कर्ज चढणार होते, हे त्यामागचे एक कारण.

यावरून कोणी म्हणेल की अखेर सरकारी अधिकारीच कामी आला, तेव्हा नागरिकांच्या वतीने सरकार पुरेसे आहे. पण आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली आहे म्हणून त्या अधिकाऱ्याला अधिकार होता; नैरोबीतील किंवा नागपुरातील ‘डॉट ऑर्ग’धारक संस्थेला तो उत्तरदायी नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झळ बसणारा प्रत्येक जण हितसंबंधी ठरला, तर निर्णय होणारच नाही. सर्वांना नकाराधिकार द्यावा, असे मात्र कोणी म्हणत नाही. ज्याला पर्यायाकडे वळणे महाग पडते त्याचे म्हणणे आधी घ्यावे आणि ते डावलल्यास लेखी कारण द्यावे, एवढे बंधन व्यवहार्य आहे. वर्षानुवर्षे रुळलेले नाव बदलणे धर्मादाय संस्थेला परवडत नाही. गुंतवणूकदार दुसरीकडे पैसे लावू शकतो. वापरकर्त्यांना निर्णयात थेट वाटा देण्याचा प्रयोग याआधी झालाही होता: आयकॅनने २००० मध्ये वापरकर्त्यांच्या थेट मतदानाने पाच संचालक निवडून पाहिले होते. २००२ च्या फेररचनेत ही पद्धत रद्द झाली. वापरकर्त्यांसाठी उरली ती मुख्यतः सल्लागार समिती.