पाषाण, दान आणि डागडुजी

ज्युबिली हा शब्द आपल्याकडे उत्सवाचा म्हणून रूढ झाला आहे. परंतु लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत त्याचा अर्थ अधिक गंभीर आहे. पन्नासाव्या वर्षीं जमीन मूळ धन्याकडे परत जावी, कारण भूमि परमेश्वराची आहे आणि मनुष्य तिच्यावरील केवळ उपरा व पाहुणा आहे, असें तेथें सांगितलें आहे. आपल्या ज्युबिलीला निधि जमतो, नव्या बांधकामाचे नकाशे निघतात, पायाभरणीचा दगड बसतो. अशा प्रसंगीं आपल्या प्रांतांतील जुन्या दगडी वास्तूंकडे एकवार पाहून, आपल्या आधीं दान करणाऱ्यांनीं काय साधलें व त्यांचें काय राहून गेलें, याचा विचार करणें उपयोगाचें होईल.

भुकूमच्या परिसरांत राहणाऱ्यास दगडाचा इतिहास शोधण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. ह्याच बाजूस उगम पावणारी रामनदी पुढें पाषाण येथील सोमेश्वराच्या जुन्या देवस्थानावरून वाहत जाते. पुणें शहरांत शिवाजीनगर येथें खडकांत कोरलेलें पाताळेश्वराचें लेणें आहे. तें आठव्या शतकाच्या सुमाराचें. उत्तरेकडील डोंगर व पवनेचें खोरें ओलांडून इंद्रायणीच्या खोऱ्यांत उतरलें कीं कार्ल्याचीं लेणीं दिसतात. विकासाची किंमत काय असते, हेंहि मुळशी तालुक्यास कोणीं शिकवावयास नको. १९२१ सालीं येथें सत्याग्रह झाला, तरी धरण उभें राहिलें आणि गांवें पाण्याखालीं गेलीं. आज त्याच तालुक्याच्या पूर्व भागांत शहर सरकत आलें आहे. लोकांस रस्ता हवा, घर हवें, रोजगार हवा. आणि पूर्वजांनीं घडविलेला दगडहि टिकावयास हवा. या दोहोंचा मेळ कसा बसावा, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम कार्ल्याचा दाखला घेऊं. तेथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून दोन हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास अखंड डोंगरांत कोरलें गेलें. भारतांतील कोरीव चैत्यगृहांत तें सर्वांत मोठें. एवढें काम एखाद्या सम्राटानें आपल्या खजिन्यांतून केलें असावें, असें पाहणाऱ्यास वाटतें. पण भिंतींवरील व खांबांवरील ब्राह्मी लेख निराळी हकीकत सांगतात. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी भूतपाल यानें हें शैलगृह पूर्णत्वास नेलें. बाहेरील सिंहस्तंभ एका महारठीचें दान. धेनुकाकट गांवच्या सिंहदत्त नांवाच्या गंध्यानें एक दार दिलें. दुसऱ्या दाराच्या कामावर सामी नांवाच्या सुताराचें नांव आहे. कित्येक खांबांवर यवन म्हणविणाऱ्या परदेशी दात्यांचीं नांवें आहेत. सोपाऱ्याच्या सातिमित्र नांवाच्या भिक्षूनें दिलेल्या खांबांत पवित्र अवशेष ठेवल्याचा उल्लेख आहे. आपल्या वेदींत संतांचे अवशेष ठेवण्याची रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या दानामागील भावना परकी वाटणार नाहीं.

परंतु ह्या दानपत्रांतील सर्वांत शहाणपणाचें दान खांबांचें नव्हे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांतील, भिक्षूंच्या निर्वाहासाठीं करजिक नांवाचें एक गांवच लावून दिलें. पावसाळ्यांत तेथें राहणाऱ्या कोणाहि प्रव्रजितास त्याचा लाभ व्हावा, अशी योजना केली. हाच उषवदात ब्राह्मणांस व देवांसहि गांवें देणारा होता. पुढें सातवाहनांनीं क्षत्रपांचा पाडाव केला, राज्य बदललें. तरी मामाळ येथील अमात्यास आज्ञा पाठवून त्याच गांवाचें दान संघाकडे चालूं ठेवण्यांत आलें. हें मामाळ म्हणजेच आपलें मावळ, असें विद्वान् मानतात. लेणें कोरणें हें एका पिढीचें काम. पण जेथें माणसें राहतात, दिवा लागतो, पावसाचें पाणी कोठें मुरतें तें रोज कोणी पाहतो, तेंच लेणें टिकतें, हें त्या काळच्या दात्यांनीं ओळखलें होतें.

हा वांटा तुटला म्हणजे काय होतें, तें पाहावयाचें असेल तर वसईच्या किल्ल्यांत जावें. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे आली. तेथें फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ व भव्य चर्चें उभीं राहिलीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला व त्या मठांस पोसणारी सत्ता गेली. पुढें छपरें गेलीं, आणि छप्पर गेलें कीं दगडी भिंतहि पावसापुढें फार काळ उभी राहत नाहीं. उलट सांडोर, पापडी, रमेदी, नंदाखाल येथील धर्मग्राम सत्तांतराचे घाव सोसूनहि जिवंत राहिले. तेथें राजाचा खजिना नव्हता. शेतकरी व कोळी भाविकांची वर्गणी व अंगमेहनत होती. संत गोन्सालो गार्सिया यांची जन्मभूमि असलेल्या वसईनें हा धडा आपल्याच समाजास दिला आहे.

दुसरा धडा अधिक नम्रतेनें घ्यावयाचा आहे. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचें शैव लेणें सहाव्या शतकाच्या सुमाराचें. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कनांनीं तेथें प्रार्थनामंदिर केलें, त्याच्या माथ्यावर चर्च व विद्यालय बांधलें. मराठ्यांच्या काळांत लेणें पुन्हां देवस्थान झालें. आज वर चर्चचे भग्न अवशेष आहेत, खालीं नटराजाचें शिल्प आहे, आणि आंतील एका भिंतीवर कोरलेला क्रूसहि दिसतो. आपल्या पूर्वजांनीं दुसऱ्यांचें पूजास्थान घेतलें, ही गोष्ट झांकण्यासारखी नाहीं. ती स्मरणांत ठेवणाऱ्यानें सोमेश्वराच्या वा एकवीरेच्या दगडाविषयीं अनादराचा शब्द काढूं नये. १७९२ सालीं पुण्यांतील पहिलें चर्च उभें राहिलें तें सवाई माधवराव पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर, हेंहि आपण विसरूं नये.

आतां कायद्याकडे वळूं. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. आणि २०१० च्या दुरुस्तीनें संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम वर्ज्य व त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीच्या अधीन झालें. हेतु उत्तम, पण स्मारकाच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरिबास घर वाढविण्याचीहि चोरी होते, आणि ज्या वारशाचा अभिमान वाटावा त्याचाच त्याला जाच वाटूं लागतो. शिवाय नुसत्या नियमानें दगड राखला जात नाहीं. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१३ सालच्या अहवालांत ९२ संरक्षित स्मारकें जागेवर आढळलींच नाहींत, असें नमूद केलें. कागदावर तीं सुरक्षित होतीं. प्रत्यक्षांत त्यांच्याकडे पाहणारा कोणी नव्हता.

मग पुष्कळ पैसा ओतला तर? त्याचें उत्तर अजिंठा देतो. अजिंठा व वेरूळ यांच्या जतनासाठीं व पर्यटनाच्या वाढीसाठीं जपानकडून दोन टप्प्यांत मोठें कर्ज मिळालें. त्यांतून कांहीं कामें खरोखर चांगलीं झालीं. प्रवाशांचीं वाहनें फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबवून पुढें सुमारें ४ किलोमीटर बसनें नेण्याची व्यवस्था झाल्यानें धूर व गर्दी चित्रांपासून दूर राहिली. परंतु त्याच योजनेंत बांधलेलीं भव्य अभ्यागत केंद्रें कांहीं वर्षांतच पाण्याचीं व विजेचीं बिलें थकल्यामुळें बंद पडलीं. बांधावयास कोट्यवधि मिळाले, दिवा लावावयास मिळाले नाहींत. उषवदातानें जें ध्यानांत ठेवलें, तें येथें राहून गेलें.

कार्ल्याच्या चैत्यगृहास लागूनच एकवीरा देवीचें मंदिर आहे. चैत्रांतील यात्रेस व नवरात्रांत कोंकणपट्टींतील कोळी व आगरी भाविकांचा लोट तेथें येतो. त्यांच्यासाठीं पायऱ्या, पाणी, सावली, स्वच्छतागृहें हवींतच, आणि हारफुलें विकणाऱ्या मावळ्याच्या पोटाचाहि प्रश्न आहे. यात्रेकरू हा दगडाचा वैरी नव्हे. तो नसता तर डोंगरावरची वाट कधींच मोडून गेली असती. सोयी डोंगराच्या पायथ्याशीं कराव्यात, वर भार घालूं नये. येणाऱ्या उत्पन्नाचा ठराविक वांटा पाणी मुरण्याच्या भेगा बुजविण्यास व कचरा काढण्यास आधीं बाजूला ठेवावा. आणि गांवकऱ्यांस केवळ बंदी न करतां राखणदारीचें वेतन द्यावें. विकास, निधि व जतन यांचा मेळ बसावयाचा तर तो अशाच साध्या हिशेबानें बसेल.

हा हिशेब पवित्र शास्त्रासहि अपरिचित नाहीं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत योवाश राजाची कथा आहे. मंदिराच्या डागडुजीसाठीं त्यानें पैसे नेमून दिले होते. पण त्याच्या कारकीर्दीच्या २३ व्या वर्षापर्यंत पडझड तशीच राहिली. तेव्हां यहोयादा याजकानें एका पेटीच्या झांकणास भोंक पाडून ती वेदीजवळ ठेवली. तिच्यांतील पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांस दिला गेला. त्यांतून चांदीचीं पात्रें करण्यांत आलीं नाहींत. डागडुजीची पेटी निराळी, शोभेची निराळी, हा त्या कथेचा सारांश होय.

म्हणून ज्युबिलीच्या निधींतून कांहींहि नवें उभारण्यापूर्वीं आपण एक प्रश्न विचारावा: पन्नास पावसाळ्यांनंतर याचें छप्पर कोण शाकारील? त्याचें उत्तर तयार असेल तर खुशाल पायाभरणी करावी. नसेल, तर आधीं पेटी ठेवावी. भूमि परमेश्वराची आहे. पुढच्या ज्युबिलीला ती व तिच्यावरील दगड आपल्या नातवंडांच्या हातीं धड स्थितींत सोंपविणें, एवढेंच आपलें पाहुण्यांचें कर्तव्य आहे.