मागणाऱ्याच्या हातावर काय ठेवावं

माही शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून ऐकलं-पाह्यलं तेवढंच लिहितो.

आपलं रिद्धपूर जुनं भिक्षेचं गाव. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथं होते. महानुभाव संन्यासी तेव्हापासून शिजलेलं अन्न मागतात, पैसा नाही. पण दिंडीत जो अडला-नडला येतो तो पैसेच मागतो. खिसा कापला, बायको दवाखान्यात हाय, गावाले जायाले भाडं नाही. खरं कोणाचं मानाचं?

आमचे म्हातारे याचं उत्तर गाडगेबाबाकडून घेत. बाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, जन्म 1876 चा. दारूनं बाप गेला, म्हणून मामाकडं दापुऱ्याले वाढले. अडचण काय असते ते त्यायले कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी कोणाच्या दारी भाकर खायची तर आधी अंगण झाडत, लाकडं फोडत. हातपाय धड असलेल्यानं फुकट खाऊ नये, हा त्यायचा दंडक. पण ऋणमोचनले, पूर्णेच्या काठी, आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्त चालवलं. त्यायले काम नाही सांगितलं.

यावरूनच दिंडीचा नियम झाला. रोख द्यायची नाही, जेऊ घालायचं, फार तर तिकीट काढून द्यायचं.

एका आषाढीत पंढरपुरात एक जण आला. पायाले भेगा, म्हणजे शेतकरीच. दोनशे रुपये मागितले. मी चारचौघात म्हटलं, आधी जेवा, मग यष्टी स्टँडवर येऊन तिकीट काढून देतो. त्यानं मान खाली घातली. 'राहू द्या महाराज,' म्हणाला अन् गेला. पोरं हसली, चोर पयाला म्हणे. मीही हसलो.

दोन वर्षांनी माह्या संत्र्याची फळगळ झाली. एका नातेवाइकाकडं उसने मागाले गेलो. त्यानं बसल्या माणसांसमोर विचारलं, मागचे पैसे कुठं घातले? मी चहा न पिता उठलो. वाटेनं तो पंढरपूरचा माणूस आठवला. चोर होता का लाजला, हे आता कोण सांगणार?

नियम बरा हाय, मी तो मोडला नाही. फक्त आता आधी पंगतीत बसवतो, काही विचारत नाही. हात धुतल्यावर बाजूले नेऊन बोलतो. द्यावंसं वाटलं तर माह्या खिशातून देतो. त्यात दोनदा फसलो. ते दिंडीच्या वहीत लिहिलेलं नाही.