खाजगी विमानोड्डाण, खानदेशातील

खाजगी विमानोड्डाण, खानदेशातील : भाडे वा वेतन न घेता, स्वतःच्या प्रवासासाठी किंवा छंदासाठी लहान विमान उडविण्यास खाजगी विमानोड्डाण म्हणतात. विमानाची मालकी, ते चालविण्याचे प्रशिक्षण व त्याची निगा ही या व्यवहाराची तीन अंगे होत. यांपैकी मालकी हे सर्वांत सोपे अंग आहे. पैसा असल्यास विमान विकत घेता येते. परंतु ते उडविण्यास शिकणे आणि ते उडण्यायोग्य राखणे यांसाठी शिक्षक, तंत्रज्ञ, धावपट्टी व नियामक यंत्रणा लागते आणि ती एकट्या मालकाला उभी करता येत नाही. त्यामुळे भारतात खाजगी विमानोड्डाण आरंभापासून मंडळांच्या (फ्लाइंग क्लबांच्या) आश्रयाने वाढले. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात, लहान विमान हे प्रामुख्याने शाळेचे साधन म्हणून आले. या प्रदेशातील विमानविद्येचा इतिहास हा मुख्यतः प्रशिक्षणाचा व निगेचा इतिहास आहे.

भारतातील आरंभ : इंग्लंडमधील द हॅविलंड कंपनीचे ‘मॉथ’ हे दोन आसनी विमान १९२५ मध्ये प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, कापडाचे आवरण, मिटवून ठेवता येणारे पंख व साधे एंजिन यांमुळे विमान हे सैन्याबाहेरील माणसाच्या आवाक्यात आले. भारतात १९२७ मध्ये नागरी विमान वाहतुकीचे स्वतंत्र खाते निर्माण झाले व त्यानंतर दिल्ली, कराची, मुंबई, कलकत्ता इ. ठिकाणी सरकारी साहाय्याने विमानोड्डाण मंडळे स्थापन झाली. मुंबईचे मंडळ १९२८ मध्ये जुहू येथे सुरू झाले. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा (१९०४–९३) हे तेथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला.

इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. त्यासाठी १९३० मध्ये टाटा हे कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून भारताकडे निघाले. ईजिप्तमधील अबुकिर येथे इंजिनिअर हे स्पार्क प्लगांअभावी अडकून पडले असता टाटांनी आपल्याजवळील जादा प्लग त्यांना दिले. पुढे पारितोषिक इंजिनिअर यांनाच मिळाले. हा प्रसंग टाटांच्या खिलाडूपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. परंतु लहान विमानाचा प्रवास एखाद्या किरकोळ सुट्या भागावर कसा अवलंबून असतो, हेही त्यातून स्पष्ट होते. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ या एक एंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू येथे टपाल आणले आणि छंदातून जन्मलेल्या विद्येस व्यवसायाचे रूप मिळाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर मंडळांना परदेशी विमानांवर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने दोन आसनी ‘पुष्पक’ विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १९५८ मध्ये झाले. या कंपनीतील अभिकल्पाच्या कार्याची धुरा विष्णु माधव घाटगे (१९०८–९१) या मराठी अभियंत्याकडे होती. ‘एचटी-२’ हे १९५१ मध्ये उडालेले प्रशिक्षण-विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, कापडाचे आवरण व सु. ९० अश्वशक्तीचे एंजिन असलेल्या पुष्पकवर देशातील अनेक वैमानिकांनी पहिले धडे गिरविले. अशा विमानाचे कापड उन्हाने व पावसाने कुजते, म्हणून ते ठराविक काळाने तपासून बदलावे लागते. विमान न उडविता उभे करून ठेवले तरी त्याचा खर्च थांबत नाही, हा अनुभव मंडळांना पुष्पकच्या काळातच आला.

खानदेशातील धावपट्ट्या : जळगाव येथील धावपट्टी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधली. धुळ्याजवळील गोंदूर येथील धावपट्टीही त्याच दशकातील होय. जिल्ह्याच्या ठिकाणी मंत्री, अधिकारी व उद्योजक यांची लहान विमाने उतरावीत, हा अशा धावपट्ट्यांचा मूळ हेतू होता. त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस त्या मोकळ्याच राहत. जळगावचा विमानतळ भुसावळच्या पश्चिमेस सु. २० किमी. वर असून भुसावळकरांनाही तोच जवळचा आहे. त्याच्या विस्ताराची कोनशिला १३ जून २०१० रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते बसविण्यात आली व नव्या स्वरूपातील विमानतळाचे उद्‌घाटन २०१२ मध्ये झाले. मुंबईशी जोडणारी नियमित प्रवासी सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली.

मोकळी धावपट्टी प्रवाशांच्या दृष्टीने निरुपयोगी वाटली, तरी शिकाऊ वैमानिकाच्या दृष्टीने ती मोठी सोय असते. जुहूच्या आकाशात वाहतुकीची दाटी झाल्यावर मुंबईच्या मंडळाने आपली प्रशिक्षण-उड्डाणे धुळ्यास नेली. शिरपूरजवळ तांडे येथील धावपट्टीवर विमान-प्रशिक्षण संस्था उभी राहिली. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी या पाच विमानतळांवर नऊ प्रशिक्षण-प्रबोधिनींसाठी जागा दिल्या. अशा रीतीने तापीच्या खोऱ्यातील तिन्ही धावपट्ट्या शाळांच्या कामी आल्या.

प्रशिक्षण : भारतात शिकाऊ वैमानिकाचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी व खाजगी वैमानिकाचा सतराव्या वर्षी मिळू शकतो. खाजगी परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी, विमानविषयक नियम, वातावरणविज्ञान, मार्गनिर्देशन इ. विषयांच्या परीक्षा व किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यात एकट्याने केलेल्या उड्डाणांचा व दूरच्या प्रवासाचा समावेश होतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. खानदेशात शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष्य हा दुसरा परवाना असतो; केवळ छंदासाठी शिकणारे थोडे आहेत.

शिकाऊ वैमानिक आरंभी जमिनीवरील खुणा पाहून दिशा ठरवितो. या दृष्टीने खानदेश हा सुगम प्रदेश आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग, तिला जवळजवळ समांतर वाहणारी तापी आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांमुळे पूर्व-पश्चिम दिशा सहज कळते. भुसावळ हे यातील ठळक ठिकाण होय. येथे मुंबईकडून आलेला लोहमार्ग दुभंगून एक फाटा नागपूरकडे व दुसरा खांडवा-इटारसीकडे जातो. दीपनगर येथील औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दुरून दिसतात. मात्र खुणेसाठी उपयोगी पडणारी हीच धुराडी व तेथून निघणाऱ्या विजेच्या तारा खालून उडणाऱ्या विमानास धोक्याच्या असतात.

उन्हाळा ही या प्रदेशातील मोठी अडचण होय. भुसावळ व जळगाव येथील तापमान उन्हाळ्यात ४५° से. पर्यंत व प्रसंगी त्याहून वर जाते. तापलेली हवा विरळ होते व त्यामुळे पंखांची उचल, पंख्याचा रेटा व एंजिनाची शक्ती ही तिन्ही एकाच वेळी घटतात. समुद्रसपाटीपासून सु. २५० मी. उंचीवर असलेल्या धावपट्टीवरील हवा ४५° से. तापमानास प्रमाण वातावरणातील सु. १,४०० मी. उंचीवरील हवेइतकी विरळ असते. परिणामी विमानास जमिनीवर अधिक लांब धावावे लागते व ते वर चढतेही सावकाश. म्हणून उन्हाळ्यात उड्डाणे पहाटे उरकतात आणि विमानात भार कमी घेतात. पावसाळ्यात ढग खाली उतरून सातपुड्याच्या सोंडा झाकतात, तर काळ्या जमिनीच्या शेतात चिखल झाल्याने आपत्कालीन उतरण्याची जागा सापडणे कठीण होते.

निगा : भुसावळ हे रेल्वेच्या एंजिनांच्या देखभालीचे जुने केंद्र असून ठराविक मुदतीने एंजिन संपूर्ण उघडून तपासण्याची पद्धत तेथील कामगारवस्तीला परिचित आहे. विमानाच्या निगेचे तत्त्वही तेच आहे. भाग बिघडण्याची वाट न पाहता तो बिघडण्यापूर्वी तपासावयाचा किंवा बदलावयाचा असतो. फरक इतकाच, की बिघाड झाल्यास एंजिन रुळावर थांबविता येते. विमानाला हवेत थांबता येत नाही.

लहान विमानाच्या निगेचे मोजमाप उड्डाणाच्या तासांत केले जाते. साधारणपणे दर ५० तासांनी वंगण तेल बदलतात, दर १०० तासांनी सविस्तर तपासणी करतात आणि तास भरले नसले तरी ठराविक कालावधीने तपासणी करावीच लागते. सेस्ना १७२ या जगभर वापरल्या जाणाऱ्या चार आसनी विमानातील लायकमिंग एंजिन सु. २,००० तासांनंतर संपूर्ण उघडून नव्याने जुळविण्याची शिफारस असते. या एंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग व त्यांना वीज पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर एंजिन चालू राहते. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही आळीपाळीने बंद करून पाहतो. टाकीच्या तळातून थोडे इंधन पेल्यात काढून त्याचा रंग पाहणे व त्यात पाणी नाही याची खात्री करणे, हा रोजचा परिपाठ होय. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि ते एंजिनात गेल्यास एंजिन बंद पडते.

विमानाचा सांगाडा, एंजिन व पंखा यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. काम परवानाधारक अभियंत्याने करून त्यावर सही करावयाची असते. नोंदणी, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, त्याचे नियतकालिक पुनर्विलोकन व विमा यांवाचून विमान उडविता येत नाही. हे नियम दीर्घकाळ १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम यांवर आधारलेले होते. १९३४ च्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे.

मालकीचा एक प्रयोग : स्वतःचे विमान स्वतः बांधून त्याची मालकी मिळविण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित प्रयत्न मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी केला. अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी विमानबांधणीस हात घातला. आधीच्या प्रयत्नांनंतर त्यांनी कांदिवली येथील चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी ‘टीएसी-००३’ हे विमान तयार केले. ते सुटे करून खाली उतरविण्यात आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले. त्याची नोंदणी मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली व उड्डाणाची अनुज्ञा मिळण्यास ऑक्टोबर २०१९ उजाडला. त्यानंतर २०२० मध्ये या विमानाची चाचणी-उड्डाणे धुळ्याच्या धावपट्टीवर झाली.

विमान लोकांसमोर येणे व ते उडणे यांत सु. साडेचार वर्षे गेली. या विलंबाबद्दल नियामक यंत्रणेवर टीका झाली व तीत तथ्यही होते. कारण एका व्यक्तीने बांधलेल्या विमानाची तपासणी कोणत्या मार्गाने व्हावी, हे नियमांत पुरेसे स्पष्ट नव्हते. तथापि विमान जमिनीवर पूर्ण होणे व ते उडण्यायोग्य ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या प्रकरणातून दिसून येते. गच्चीवर बांधलेल्या विमानास अखेर लांब, मोकळी धावपट्टी लागली व ती खानदेशात मिळाली.

अपघात व समाज : १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून निघालेले एक प्रशिक्षण-विमान जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील वर्डी गावाच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. त्यात प्रशिक्षक मृत्युमुखी पडले व शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. तेथवर वाहन जाणे शक्य नव्हते. जवळच्या वस्तीवरील आदिवासी धावून आले. एका स्त्रीने आपली साडी दिली. तिची बांबूला झोळी बांधून गावकऱ्यांनी जखमी तरुणीस चिखलाच्या वाटेने खाली आणले. आधुनिक यंत्रविद्येचे शिक्षण ज्या भूमीवरून चालते, तेथील लोकांना तिचा प्रत्यक्ष लाभ फारसा होत नाही. पण संकटाच्या वेळी मदतीला प्रथम तेच येतात.

शिक्षणाचा खर्च मोठा असल्याने खानदेशातील सामान्य कुटुंबातील मुलांना ही विद्या अद्याप दुर्लभ आहे; स्वतःच्या मालकीचे विमान ही तर त्याहून दूरची गोष्ट आहे. तरीही विद्यार्थी, प्रशिक्षक व तंत्रज्ञ यांचा वर्ग येथे वावरू लागला आहे. उड्डाणाइतकेच महत्त्व तपासणीला देणारी ही कार्यपद्धती येथे रुजली, तर पुढे खाजगी मालकीस लागणारा पाया या शाळांतूनच तयार होईल.