भूकंपोत्तर गृहनिवसन, उमरगा परिसरातील

नैसर्गिक आपत्तीत निवारा गमावलेल्या ग्रामीण कुटुंबांना परवडणारी व सुरक्षित घरे मिळवून देण्याच्या शासकीय धोरणाचे, महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा तालुका आणि लगतच्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुका यांना भूकंपाचा तीव्र धक्का बसला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. सु. ८,००० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. औशातील किल्लारी व उमरगा तालुक्यातील सास्तूर (१९९९ पासून लोहारा तालुक्यात) ही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होत.

प्राणहानीचे मुख्य कारण येथील घरबांधणीत होते. या भागातील पारंपरिक घर म्हणजे लाकडी खांब व तुळया यांचे खण, त्यांवर मातीचे जाड माळवद आणि भोवती दगड-मातीच्या रुंद भिंती. अशी घरे उन्हाळ्यात थंड राहत व त्यांचे साहित्य जवळपासच मिळे. तथापि गोट्यांसारख्या ओबडधोबड दगडांची सांधेजोड कच्च्या मातीची असल्याने आडव्या हादऱ्याने भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटले. पावसाळी गळती थांबविण्यासाठी माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे नवे थर चढविले जात. त्यामुळे छपराचा भारही वाढलेला होता. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंतींनी माणसे गाडली. त्या काळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत असल्याने बांधकामात भूकंपरोधक दक्षता घेण्याची प्रथाही नव्हती. २००२ मधील सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला.

आपत्तीपूर्वी ग्रामीण निवाऱ्याच्या शासकीय योजना मर्यादित स्वरूपाच्या होत्या. १९७६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा भर प्रामुख्याने शहरांवर होता. १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यापुरती आरंभी सीमित होती. येथे मात्र अल्पावधीत सर्व थरांतील कुटुंबांसाठी धोरण ठरवावे लागले. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यात हानीच्या प्रमाणानुसार गावांचे वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्गातील ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. ‘ब’ वर्गात मूळ ठिकाणी पुनर्बांधणी अपेक्षित होती. ‘क’ वर्गात अनेक जिल्ह्यांतील अंशतः पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांसाठी अर्थसाहाय्य देण्यात आले.

स्थलांतरित गावांत घराचे आकारमान जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौ. फुटांचे, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौ. फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौ. फुटांचे घर मिळाले. यामुळे निवाडा सोपा झाला, पण जुनी विषमता नव्या आराखड्यात पक्की झाली, असा आक्षेप घेण्यात आला. काही गावे ठेकेदारांमार्फत शासनाने, तर बरीच गावे देशभरच्या देणगीदार संस्थांनी बांधली. घरे पूर्ण होईपर्यंत अनेक कुटुंबांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहावे लागले.

नवी गावे चौकटीबंद आखणीची व रुंद रस्त्यांची होती. पाणी, शाळा, दवाखाना यांची सोय झाली आणि घरे भूकंपरोधक झाली. परंतु गावठाण अनेक पटींनी पसरल्याने शेतजमीन खर्ची पडली आणि घर ते शेत हे अंतर वाढले. भाऊबंदांच्या गल्ल्या मोडल्या. बैल, कडबा, धान्याची कणगी व चूल यांना छोट्या काँक्रीटच्या घरात जागा उरली नाही. म्हणून लोकांनी लवकरच अंगणात पत्र्याचे आडोसे व जादा खोल्या उभारल्या. रुंद रस्ते व विखुरलेल्या नळयोजना यांची देखभाल ग्रामपंचायतींच्या तुटपुंज्या उत्पन्नास पेलणे कठीण गेले.

‘क’ वर्गाचा अनुभव वेगळा होता. येथे घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने अनुदान जमा होई आणि कनिष्ठ अभियंता तांत्रिक देखरेख करी. माळवदावरील जादा माती काढणे, भिंतींत आरपार दगड बसविणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे हे उपाय स्वस्त व परिणामकारक होते. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमून माहिती घरोघर पोहोचविण्याचा प्रयोग स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने झाला. असे असूनही पुष्कळांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी त्या पैशात एक नवी पक्की खोली बांधली. ज्या दगडाखाली आप्त गेले, त्याच्या आश्रयाला परत जाण्याची त्यांची तयारी नव्हती. परिणामी कित्येक ठिकाणी कुटुंबाचा मोठा भाग दुरुस्त न झालेल्या जुन्याच घरात नांदत राहिला.

या कार्यक्रमाने दिलेला धडा धोरणदृष्ट्या महत्त्वाचा ठरला. बांधून दिलेले घर त्वरित दिसते, पण त्यात राहणाराचा संसार बसतोच असे नाही. पैसा हाती दिला, तर घर गरजेनुसार होते, पण सुरक्षिततेवर तांत्रिक देखरेख नसल्यास ती मागे पडते. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये घरमालकानेच बांधण्याच्या पद्धतीस प्राधान्य मिळाले. २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिच्यातही लाभार्थीच बांधणारा असून अनुदान हप्त्यांनी थेट खात्यात जाते. तिच्यातील किमान क्षेत्रफळ २५ चौ. मी., म्हणजे भूमिहीनांस मिळालेल्या त्या २५० चौ. फुटांहून किंचितच अधिक आहे. कृषिकुटुंबाच्या घरात माणसांइतकीच जागा जनावरांस, अवजारांस व धान्यास लागते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.