पॅरिसच्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस

सन १८३८ मध्ये पॅरिस शहरातील बुलव्हार द्यू ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचे एक चित्र लुई दागेर यांनी वरच्या खिडकीतून टिपले. ते कागदावर नव्हते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर होते. रस्त्यावर घोडागाड्या धावत होत्या, माणसे ये-जा करीत होती. परंतु पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटायला त्या काळी काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या अवधीत जे जे हलले ते सारे पुसले गेले. चित्रात घरे आली, झाडे आली, ओसाड पडल्यासारखा लांबलचक रस्ता आला, आणि एका कोपऱ्यात एक मनुष्य आला. तो उमटला याचे कारण एवढेच की, बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो एक पाय उचलून स्तब्ध उभा होता. त्याच्या पायाशी वाकलेला बूटपॉलिशवालाही अंधुकसा दिसतो. छायाचित्रात दिसणाऱ्या पहिल्या माणसांमध्ये या दोघांची गणना होते.

मार्च १८३९ मध्ये सॅम्युएल मोर्स हा अमेरिकन गृहस्थ दागेर यांच्याकडे गेला. तारायंत्राचा हाच तो मोर्स, मूळचा चित्रकार. त्याने ते चित्र पाहिले आणि मायदेशी पाठविलेल्या पत्रात त्या बूट घासून घेणाऱ्या माणसाचा आवर्जून उल्लेख केला. पॅरिसच्या रस्त्यावरील छायाचित्रित माणसाची पहिली दखल अशा रीतीने एका प्रवाशाने घेतली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. त्या दोन माणसांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत. आपले चित्र निघाले हे त्यांना कधी कळले असेल असेही वाटत नाही. एक जण बूट पुढे करणारा, दुसरा ते पुसणारा. दोघेही न विचारता अमर झाले.

न विचारता, या दोन शब्दांभोवतीच रस्त्यावरील छायाचित्रणाचा पुढचा सारा इतिहास फिरत राहिला आहे.

प्रथम काही काळ छायाचित्रकारांना माणसांपेक्षा दगडविटांचीच चिंता अधिक होती. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत ओस्मान या प्रशासकाने जुने पॅरिस पाडून रुंद, सरळ रस्ते आखले. पाडण्यापूर्वी जुन्या गल्ल्यांची नोंद राहावी म्हणून शार्ल मार्व्हिल यांनी चारशेहून अधिक छायाचित्रे घेतली. ओले फरसबंद रस्ते, भिंतींवरच्या जाहिराती, बंद दारे. माणूस जवळजवळ नाहीच. ती पाहताना घरातील सगळी माणसे बाहेरगावी गेल्यासारखे वाटते.

माणूस परत आला तो यूजेन अत्जे यांच्यामुळे. १८५७ साली बोर्दोजवळच्या लिबुर्न गावी जन्मलेले हे गृहस्थ लहानपणीच पोरके झाले, जहाजावर खलाशी म्हणून राबले, मग फिरत्या नाटकमंडळीत किरकोळ भूमिका करीत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी जड लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटी घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर पायपीट सुरू केली. दारावर पाटी लावली ती ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशा अर्थाची. कलावंत म्हणवून घेण्याचा त्यांना सोस नव्हता. चित्रकारांना, ग्रंथालयांना, वस्तुसंग्रहालयांना ते छायाचित्रांच्या प्रती विकत आणि त्यावर संसार चालवीत. सुमारे तीस वर्षांत त्यांनी अदमासे १०,००० छायाचित्रे घेतली.

त्यातील एक मालिका रस्त्यावर पोट भरणाऱ्यांची आहे. दिव्यांच्या झडपा विकणारा, चिंध्या वेचणारा, हाताने फिरवायची बाजाची पेटी वाजविणारा म्हातारा. या शेवटच्या चित्रात म्हातारा गंभीर मुद्रेने आपल्याकडे पाहतो आणि शेजारची ठेंगणी गायिका मान वर करून असे काही प्रसन्न हसते की, तिच्या गाण्याचा सूर ऐकू यावा. हे चित्र चोरून घेतलेले नाही, घेताच आले नसते. एवढे अवजड सामान मांडायचे, काळ्या कापडाखाली डोके घालायचे, तर समोरच्याला विचारावेच लागणार. यंत्राच्या अडचणीने अत्जे यांच्यावर एक सौजन्य लादले होते. समोरचा माणूस त्यामुळे उभा राहतो तो आपल्या पसंतीने, आपल्या कामाच्या अवजारांसह, पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन.

ही अडचण १९२५ साली दूर झाली. त्या वर्षी जर्मनीतील लाइपझिगच्या जत्रेत लाइका नावाचा लहानसा कॅमेरा विक्रीला आला. तो कोटाच्या खिशात मावत असे आणि एका फिल्मवर ३६ चित्रे निघत. आता विचारण्याची गरज उरली नाही. समोरच्याला कळण्यापूर्वीच काम उरकून पुढे जाता येऊ लागले.

याच सुमारास पॅरिसमध्ये परदेशी छायाचित्रकारांची मांदियाळी जमली. आंद्रे केर्तेश १९२५ मध्ये बुडापेस्टहून आले. त्यांच्या आधी वर्षभर ग्यूला हालास नावाचा तरुण ट्रान्सिल्व्हानियातील ब्राशो गावाहून आला. ते गाव आज रुमानियात आहे. त्याने गावाच्या नावावरूनच ब्रासाय हे नाव धारण केले. मॅन रे आणि बेरेनीस ॲबट अमेरिकेतून आलेले. जन्मजात पॅरिसकराला जे रोजचे म्हणून दिसत नाही ते परक्याला दिसते, असे नेहमी म्हटले जाते व ते खरे आहे. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. ही माणसे आली आणि राहिली. दोन दिवसांच्या डोळ्यांनी त्यांनी ते शहर पाहिले नाही.

ब्रासाय यांचेच पाहा. ते रात्रीचे पॅरिस टिपीत. हाती लाइका नव्हे, प्लेटींचा कॅमेरा आणि तिपाई. प्रकाश किती वेळ घ्यायचा याचे त्यांचे घड्याळ म्हणजे सिगारेट; उजेड असला तर लवकर संपणारी, काळोख दाट असला तर जाड व सावकाश जळणारी. ज्या गुत्त्यांत ते चित्रे घेत तेथे आधी रात्रीमागून रात्री बसून ओळखी करीत. तरीही त्यांच्या हातून एक माणूस दुखावलाच. माँमार्त्र भागातील एका मद्यालयात अंगभर खोटे दागिने घालून बसणारी एक वृद्धा होती; लोक तिला ‘बिजू’, म्हणजे दागिना, म्हणत. तिचे छायाचित्र १९३३ च्या सुमारास ब्रासाय यांच्या रात्रीच्या पॅरिसवरील पुस्तकात आले आणि सोबतच्या मजकुरात तिचे वर्णन एखाद्या दुःस्वप्नातून बाहेर पडलेली बाई असे काहीसे केले गेले. ते कळताच ही बाई संतापून प्रकाशकाकडे येऊन थडकली. काही रक्कम हातावर ठेवून तिची समजूत घालावी लागली, ही हकीगत पुढे ब्रासाय यांनीच सांगितली आहे. चित्र उत्तम आहे यात शंका नाही. पण त्या बाईचा संतापही तितकाच खरा होता. तिने चित्र पाहून नव्हे, शब्द ऐकून तंटा केला, हे मला विशेष वाटते. चेहरा देण्यास ती बहुधा तयार होती. त्यावर दुसऱ्याने अर्थ लिहावा, हे तिला सोसवले नाही.

आता आँरी कार्तिए-ब्रेसाँ. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ज्यांच्या कानी हत्येची वार्ता आली आणि ज्यांनी अंत्ययात्रेची छायाचित्रे जगाला दाखविली, तेच हे. १९३२ साली पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे कुंपणाच्या फटीतून त्यांनी एक चित्र टिपले. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेतो आहे. त्याची टाच पाण्याला टेकणार, एवढ्यात क्षण थांबला आहे. मागच्या भिंतीवरील जाहिरातीतली नर्तकीही तशीच झेपावते आहे. रस्त्यावरील छायाचित्रणाची बाराखडी आजही या चित्रापासून शिकविली जाते. कार्डिनल पाचेल्ली, म्हणजे १९३९ पासूनचे पोप बारावे पायस, यांचे माँमार्त्र येथील त्यांनी घेतलेले छायाचित्र आपल्या वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल. त्यात कार्डिनलांची पाठ आपल्याकडे आहे. दिसतात ते भोवती लोटलेल्या भाविकांचे चेहरे. दुसरा एखादा छायाचित्रकार धडपडून समोर गेला असता.

कार्तिए-ब्रेसाँ यांचे प्रसिद्ध पुस्तक १९५२ साली निघाले. इंग्रजीत त्याचे नाव ‘निर्णायक क्षण’ असे ठेवले गेले आणि तेच जगभर झाले. हे शब्द आले होते एका धर्माधिकाऱ्याच्या लेखणीतून. सतराव्या शतकात पॅरिसचे महागुरुस्वामी असलेल्या कार्डिनल द रेत्झ यांच्या वचनातून ते घेतलेले आहेत. (हे कार्डिनल राजकारणात आकंठ बुडालेले, संतचरित्रांच्या मालिकेत त्यांना जागा मिळणे कठीण.) मूळ फ्रेंच पुस्तकाचे नाव मात्र अगदी निराळे होते: ‘इमाज आ ला सोव्हेत’. परवान्याविना रस्त्यावर माल मांडून बसलेला आणि पोलीस दिसताच गाठोडे उचलून पळणारा फेरीवाला ज्या घाईने, ज्या चोरट्या लगबगीने धंदा करतो, तिला फ्रेंच भाषेत हे शब्द वापरतात. एकाच कृतीची ही दोन नावे. एकात तत्त्वज्ञानाचा डौल आहे. दुसऱ्यात थोडी लाज आहे. मला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते.

या चोरटेपणातून सुटण्याचा एक मार्ग रोबेर द्वानो यांनी १९५० साली काढला. अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी पॅरिसच्या प्रेमिकांची छायाचित्रे हवी होती. त्यांनी अभिनय शिकणाऱ्या एका तरुण-तरुणीला विचारून नगरभवनासमोर चुंबन घेताना त्यांचे चित्र टिपले. १९८६ साली ते भित्तिचित्र म्हणून छापले गेले आणि लाखो घरांत लागले. सगळ्यांनी ते सहज टिपलेले मानले. पुढे एका जोडप्याने, चित्रातील प्रेमिक आम्हीच, न विचारता आमचे चित्र घेतले, असा दावा न्यायालयात लावला. तेव्हा वृद्ध द्वानो यांना सांगावे लागले की, ते चित्र ठरवून घेतलेले होते. चित्रातील खऱ्या तरुणीनेही मोबदल्याचा दावा केला. १९९३ मध्ये हे दावे फेटाळले गेले. रसिक हळहळले ते निराळ्याच कारणाने. चित्र चोरलेले नव्हते म्हणून! विचारून घेतलेले चित्र खोटे आणि न विचारता घेतलेले खरे, ही समजूत आपल्या मनात किती खोल रुजली आहे, हे त्या हळहळीने दाखवून दिले.

फ्रेंच कायदा या बाबतीत पूर्वीपासून जागरूक आहे. राशेल ही विख्यात अभिनेत्री जानेवारी १८५८ मध्ये निधन पावली. मृत्युशय्येवरील तिच्या छायाचित्रावरून काढलेले रेखाचित्र विक्रीला येताच बहिणीने न्यायालय गाठले, आणि १६ जून १८५८ रोजी निकाल लागला की, कुटुंबाच्या संमतीविना मृत व्यक्तीचे असे चित्र कोणी प्रसिद्ध करू नये, मग ती व्यक्ती कितीही प्रसिद्ध असो. १७ जुलै १९७० च्या कायद्याने प्रत्येकाच्या खाजगी जीवनाचा आदर हा नागरी संहितेच्या नवव्या कलमात लिहिला गेला. रस्त्यावर चित्र घेण्याला त्यामुळे बंदी झाली नाही. प्रसिद्ध करताना मात्र विचार करावा लागू लागला. दुसरीकडे ल्यूक दलाए यांनी पॅरिसच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांचे चेहरे गुपचूप टिपून १९९९ साली पुस्तक काढले, तेव्हा त्यातील एका प्रवाशाची तक्रार २००४ मध्ये न्यायालयाने मान्य केली नाही. कलेचे स्वातंत्र्य वरचढ ठरले. तराजू असा कधी इकडे, कधी तिकडे झुकत राहिला आहे.

आपल्याकडून लुर्डच्या यात्रेला जाणाऱ्या मंडळींचा मुक्काम पॅरिसला पडतो. सकाळी रू द्यू बाकच्या कपेलात चमत्कारी पदकाच्या मातेचे दर्शन, दुपारी माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर. पायऱ्यांवर उतरले की, सर्वांचे फोन बाहेर निघतात. दाराशी हात पसरून बसलेली बाई, ॲकॉर्डियन वाजविणारा, खांद्यावर पिशव्या टाकून दोरीत ओवलेले आयफेल मनोरे विकणारे आफ्रिकी तरुण; सगळे टिपले जाते. हे तरुण म्हणजे तेच आ ला सोव्हेतवाले. त्यांतील पुष्कळांना कॅमेऱ्याची भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. आत मंदिरात मात्र छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. तेथे १ ऑगस्ट १८८५ पासून पवित्र साक्रामेंताची अखंड आराधना चालू आहे. रात्रंदिवस कोणी ना कोणी तेथे बसून नुसते पाहत असते.

पाहिले जाण्याची बाजू आपल्या लोकांना ठाऊक नाही असे नाही. लाल लुगड्यातली वसईची आजी बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकारांना फार आवडते. त्यांना ती हवी असते डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली, पदर खोचलेली. आजीला विचारले तर ती म्हणते, जरा थांबा, आणि आत जाऊन पेटीतले ठेवणीतले लुगडे काढते.

म्हणून अत्जे यांच्याविषयीची अखेरची हकीगत येथे सांगायची. माँपार्नास भागातील रू कांपान्य-प्रमिएर या रस्त्यावर ते राहत. त्याच रस्त्यावर मॅन रे यांची चित्रशाळा होती आणि बेरेनीस ॲबट तेथे मदतनीस म्हणून काम करीत असे. तिने या म्हाताऱ्याची चित्रे पाहिली आणि ती भारावून गेली. जमेल तेव्हा ती त्यांच्याकडून प्रती विकत घेई. १९२७ साली, स्वतःची चित्रशाळा उघडल्यावर, तिने त्यांना छायाचित्र काढून घेण्यास बोलाविले. तिच्या मनात होते ते ठिगळे लावलेल्या कामाच्या कपड्यांतले अत्जे, रोज तिपाई खांद्यावर टाकून जाणारे. अत्जे आले ते चांगला ओव्हरकोट घालून. तिला थोडी निराशा झाली, हे तिने पुढे सांगितले आहे. पण कोट काढा असे ती म्हणाली नाही. किंचित वाकलेला, दमलेला, डोळ्यांत नाटकवाल्याचा ताठा शिल्लक असलेला तो म्हातारा तिने त्याच्या कोटासह टिपला.

प्रती तयार झाल्यावर त्या दाखविण्यासाठी ती त्यांच्या घराचे जिने चढून गेली. अत्जे ४ ऑगस्ट १९२७ रोजी वारले होते. त्यांच्याकडे उरलेल्या प्लेटी व प्रती तिने पुढच्या वर्षी विकत घेतल्या, १९२९ मध्ये न्यूयॉर्कला नेल्या आणि चाळीस वर्षे सांभाळल्या. १९६८ साली त्या तेथील आधुनिक कला संग्रहालयाकडे गेल्या. कोटातला अत्जे आजही पाहायला मिळतो. त्याने तो स्वतः कधी पाहिला नाही.