ड्रिलांच्या रांगा : खाणकामाच्या संगणकीय खेळांचा इतिहास

संगणकीय खेळांत जमीन खणण्याची सुरुवात एकट्या खणणाऱ्यापासून झाली. जपानच्या नाम्को कंपनीच्या ‘डिग डग’ (१९८२) या खेळात माती उकरत जाणारा एकच माणूस होता आणि त्याचे बोगदे शत्रूला गाठण्यासाठी होते. १९८४ च्या ‘बोल्डर डॅश’मध्ये खणण्यामागे हिरे मिळवण्याचा हेतू आला, डोक्यावर धोंडे कोसळण्याची भीतीही आली. तरी खनिज काढून विकावे आणि त्या पैशातून अधिक चांगले अवजार घ्यावे, हे खाणधंद्याचे चक्र या खेळांत नव्हते. ते २००४ साली कॅनडातील एक्सजेन स्टुडिओजच्या ‘मदरलोड’मध्ये ठळकपणे दिसले. मंगळावरचे एक छोटे यान खाली खणत जाते, पोटात खनिज भरून वर येते, ते विकून मोठी इंधनटाकी आणि अधिक कठीण पाते विकत घेते. इंधन संपण्याआधी पृष्ठभाग गाठणे हा या खेळाचा सगळा ताण होता. यान एकच, ड्रिलही एकच. खोली वाढत गेली, पण यंत्रांची संख्या वाढली नाही.

‘माइनक्राफ्ट’ मे २००९ मध्ये लोकांसमोर आला तेव्हाही खणण्याचे काम खेळाडूला स्वतःच करावे लागे. बदल घडवला तो खेळाडूंनी लिहिलेल्या मॉडनी, म्हणजे मूळ खेळात घातलेल्या भरींनी. ‘इंडस्ट्रियलक्राफ्ट’ने खेळात वीज आणि यंत्रे आणली, ‘बिल्डक्राफ्ट’ने माल वाहणाऱ्या नळ्या आणि ‘क्वारी’ नावाचे यंत्र आणले. क्वारी एकदा बसवली की ती नऊ बाय नऊ चौकोनांचा खड्डा थेट तळाच्या खडकापर्यंत खणत जाई आणि निघालेला सगळा माल नळीतून बाहेर ढकलत राही. खेळाडूने शेजारी उभे राहण्याची गरज उरली नाही. इथे खणण्याचा इतिहास खऱ्या अर्थाने वळला. हातांना विश्रांती मिळाली आणि डोक्याला नवे काम लागले, कारण नळीतून येणारा माल कुठे साठवायचा, कसा निवडायचा आणि तिला चालवणाऱ्या इंजिनांना इंधन कोण पुरवणार, हे प्रश्न क्वारी सोडवत नव्हती. दोन-तीन क्वाऱ्या एकदम चालू केल्या की पेट्या ओसंडून वाहत.

हेच प्रश्न खेळाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचे काम प्राग शहरातल्या मिखाल कोवार्झीक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केले. ‘फॅक्टोरिओ’वरचे काम २०१२ मध्ये सुरू झाले. २०१३ च्या आरंभी त्यासाठी इंडिगोगो या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागण्यात आली आणि ठरवलेल्या रकमेहून अधिक पैसे जमले. वर सांगितलेल्या दोन मॉडचे ऋण कर्त्यांनी तेव्हाच मान्य केले होते. पुढे वूबे सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली. खेळ २५ फेब्रुवारी २०१६ रोजी स्टीम या ऑनलाइन दुकानात विक्रीला आला आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी त्याची १.० आवृत्ती निघाली. मोठ्या संख्येने ड्रिल चालवण्याची जी पद्धत आज खेळाडूंमध्ये रूढ आहे, तिचा बहुतेक भाग याच खेळात घडला.

फॅक्टोरिओत परक्या ग्रहावर उतरलेल्या खेळाडूला आरंभी इंधनावर चालणारे ड्रिल मिळते. ते दर चार सेकंदांना खनिजाचा एक नग काढते आणि १५० किलोवॉट शक्ती खाते. कोळशाच्या एका नगात चार मेगाज्यूल ऊर्जा असल्याने एक कोळसा जाळून सहा-सात नग निघतात. कोळशाच्या साठ्यावर अशी दोन ड्रिल समोरासमोर बसवली तर प्रत्येकाचा कोळसा दुसऱ्याच्या पोटात पडतो आणि एकदा पेटवलेली जोडी साठा संपेपर्यंत आपोआप चालते. ही युक्ती साधी असली तरी तिच्यात पुढच्या सगळ्या विद्येचे बीज आहे : ड्रिलचे उत्पादन कोणाला तरी दिले पाहिजे आणि त्याचे इंधन कुठून तरी आले पाहिजे. पाच-सहा ड्रिलांपर्यंत खेळाडू स्वतः फिरून कोळसा घालू शकतो. वीस झाली की त्याचा सारा वेळ त्यातच जातो.

म्हणून वीज येते. विजेवरचे ड्रिल जमिनीच्या तीन बाय तीन चौकोनी घरांवर बसते, पण पाच बाय पाच घरांतले खनिज काढते. ते सेकंदाला अर्धा नग देते आणि ९० किलोवॉट वीज घेते. १.० आवृत्तीतले गणित असे होते : पाण्याचा एक पंप वीस बॉयलरना पुरतो, वीस बॉयलर चाळीस वाफेची इंजिने चालवतात आणि त्यांतून ३६ मेगावॉट वीज निघते. एवढ्या विजेवर चारशे ड्रिल चालतात. बॉयलर मात्र सेकंदाला नऊ कोळसे खातात, म्हणजे चारशेपैकी अठरा ड्रिल केवळ इतरांना जागते ठेवण्यासाठी कोळसा काढत असतात. कोळसा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर, दुसरा माल शिरला किंवा कोळशाचा साठा आटला, तर बॉयलर थंडावतात, वीज घटते, कोळशाची ड्रिल मंदावतात आणि त्यामुळे वीज आणखी घटते. मोठ्या खाणी बंद पडण्याचे हे जुने आणि आजही नेहमी दिसणारे कारण आहे. अनुभवी खेळाडू त्यामुळेच कोळशाच्या खाणीवर इंधनाची काही ड्रिल मुद्दाम राखून ठेवतात किंवा तिची वीज वेगळी काढतात.

विजेनंतर अडतो तो बेल्ट, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा इथेच आहे. पिवळा बेल्ट सेकंदाला १५ नग वाहतो, लाल ३० आणि निळा ४५. अर्धा नग देणारी तीस ड्रिल एक पिवळा बेल्ट भरतात : पंधरा एका बाजूला, पंधरा दुसऱ्या बाजूला, प्रत्येक बाजू बेल्टची आपापली लेन भरते. एकतिसावे ड्रिल बसवले तर खनिज वाढत नाही. बेल्टवर जागा नसल्याने कुठले ना कुठले ड्रिल थांबून राहते. शंभर ड्रिल एकाच बेल्टला जोडून उत्पादन का वाढत नाही म्हणून शोध घेणारा नवा खेळाडू हे दृश्य अगदी सामान्य आहे.

हे गणित मुळात इतके सरळ नव्हते. २०१९ पूर्वी प्रत्येक खनिजाला काठिण्य होते, प्रत्येक ड्रिलला शक्ती आणि वेग असे वेगळे गुण होते, आणि त्यांच्या सूत्रातून लोखंडासाठी सेकंदाला ०.५२५ नग असा आडनिडा आकडा निघे. पिवळा बेल्टही १३.३३ नग वाहत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ०.१७ आवृत्तीने काठिण्य काढून टाकले, ड्रिलचा वेग अर्ध्या नगावर आणला आणि बेल्ट १५ वर. काही जुन्या खेळाडूंना हे सुलभीकरण रुचले नाही, पण निर्णय योग्यच होता. जो आकडा तोंडी मांडता येतो त्यावरच हजार ड्रिलांची आखणी उभी राहू शकते.

आखणीला त्याआधीच एक मोठी मदत मिळाली होती. एप्रिल २०१७ च्या ०.१५ आवृत्तीत आराखडे मजकुराच्या रूपात देण्या-घेण्याची सोय आली. ड्रिल, विजेचे खांब आणि बेल्ट यांची एक उत्तम मांडणी कोणी केली की ती अक्षरांची लांब ओळ बनून दुसऱ्याच्या खेळात उतरे आणि बांधकाम करणारे यंत्रमानव ती साठ्यावर रचून देत. ड्रिल एकेक करून बसवण्याचा काळ तिथे संपला. मांडणीवरचे वाद मात्र वाढले. ड्रिल खेटून लावली तर साठा लवकर उपसतो पण वेग जास्त मिळतो. त्यांच्या पाच घरांच्या पोहोचेचा फायदा घेऊन विरळ लावली तर कमी यंत्रांत सगळा साठा झाकला जातो आणि खाण अधिक काळ टिकते. पहिल्या खाणीला विरळ आणि दूरच्या श्रीमंत खाणीला दाट मांडणी अधिक शोभते.

संख्या शेकड्यांत गेली की प्रदूषण समोर येते. विजेचे एक ड्रिल मिनिटाला दहा एकक प्रदूषण सोडते. चारशे ड्रिल म्हणजे चार हजार एकक. झाडे आणि जमीन त्यातले काही शोषतात, उरलेले ग्रहावरच्या किड्यांच्या घरट्यांपर्यंत पोहोचते आणि हल्ले सुरू होतात. ड्रिलमध्ये काटकसरीची तीन मॉड्यूल, म्हणजे यंत्राचे गुण बदलणारे सुटे भाग, बसवली तर वीज आणि प्रदूषण दोन्ही एक-पंचमांशावर येतात. वेग वाढवणाऱ्या मॉड्यूलच्या मोहात ही साधी मॉड्यूल अनेकदा दुर्लक्षित राहतात, हे नुकसानीचे आहे.

साठे संपतात, आणि आरंभस्थानापासून दूर जावे तसे ते श्रीमंत होत जातात. त्यामुळे मोठी खाण म्हणजे रेल्वे हे समीकरण झाले. मालडब्यात खनिजाचे दोन हजार नग मावतात. तीस ड्रिलांचा भरलेला बेल्ट असा डबा सव्वादोन मिनिटांच्या आत भरतो. संशोधनासाठी लागणाऱ्या विज्ञानाच्या कुप्या मिनिटाला हजार या वेगाने बनवणाऱ्या वसाहतीला खेळाडू ‘मेगाबेस’ म्हणू लागले. तिथे ड्रिल हजारांनी मोजावी लागतात, आणि तेव्हा अडसर खेळाच्या आत राहत नाही, खेळाडूच्या संगणकात येतो. खेळ सेकंदाला साठ वेळा सगळ्या यंत्रांची स्थिती मोजतो. अनेकांनी मिळून खेळताना तर प्रत्येकाचा संगणक संपूर्ण जगाची तीच मोजणी स्वतंत्रपणे करतो, म्हणून मंद संगणक मागे पडतो. वूबेच्या मंडळींनी यावर केलेले काम खेळाडूंना डोळ्यांनी दिसत नाही, तरी ते त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व म्हणावे लागेल. बेल्टवरच्या प्रत्येक नगाची जागा नोंदवण्याऐवजी दोन नगांमधले अंतर नोंदवायचे ठरले, त्यामुळे संपूर्ण बेल्ट हलवण्यासाठी फारच थोडे आकडे बदलावे लागतात. ज्याला माल टाकायला जागा नाही असे ड्रिल मोजणीतून तात्पुरते बाजूला ठेवले जाते.

दुसरीकडे, संशोधनाने ड्रिलांची संख्याच घटवली. खाणीची उत्पादकता वाढवणारे संशोधन ०.१५ मध्ये आले तेव्हा ते पायरीला दोन टक्के देत असे, ०.१७ मध्ये ते दहा टक्के झाले, आणि त्याला शेवटची पायरी नाही. शंभर पायऱ्या चढलेल्या खेळाडूचे एक ड्रिल सेकंदाला साडेपाच नग देते आणि तीन ड्रिल पिवळा बेल्ट भरून टाकतात. अशा वसाहतींत बेल्ट गाळून ड्रिलचा माल थेट मालडब्यात टाकण्याची रीत पडली.

इतर खेळांनी वेगळे मार्ग घेतले. स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओजच्या ‘सॅटिसफॅक्टरी’मध्ये (२०१९) खनिजाच्या जागा नकाशावर ठरलेल्या आहेत, त्या कधी संपत नाहीत आणि एका जागेवर एकच यंत्र बसते. तिथे संख्या वाढवता येत नाही, यंत्राचा वेग अडीचपटीपर्यंत वाढवावा लागतो. चीनमधील यूथकॅट स्टुडिओच्या ‘डायसन स्फिअर प्रोग्रॅम’मध्ये (२०२१) यंत्राच्या पोहोचेत खनिजाच्या किती शिरा येतात यावर उत्पादन ठरते, म्हणून कौशल्य आहे ते यंत्र कोणत्या कोनात ठेवावे यात.

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘स्पेस एज’ हा फॅक्टोरिओचा विस्तार आला आणि त्यात मोठे ड्रिल आले. ते पाच बाय पाच घरे व्यापते, तेरा बाय तेरा घरांतले खनिज काढते, सेकंदाला अडीच नग देते आणि साठा निम्म्याच वेगाने संपवते. व्हल्कॅनस या ग्रहावरचे टंगस्टन तर दुसऱ्या कोणत्याही ड्रिलने निघत नाही. अशा सहा यंत्रांत पिवळा बेल्ट भरतो. पण हे यंत्र हाती येण्याआधी खेळाडूला आपल्या ग्रहावरच्या जुन्या ड्रिलांवरच उभे राहावे लागते. नव्याने खेळू लागणाऱ्याने पहिल्या खाणीसाठी एक पिवळा बेल्ट आणि तीस ड्रिल हेच माप धरावे. २०१९ पासून ते बदललेले नाही.