दृष्टिमार्गदर्शित रोबॉटिक्स : उत्पादन व देखभालीतील पीएच.डी. संशोधन

कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमांवरून रोबॉटची हालचाल ठरवणारी आणि ती चालू असतानाच दुरुस्त करत नेणारी अभियांत्रिकीची शाखा. सुट्या भागांची जुळणी, वेल्डिंग, ढिगातून भाग उचलणे ही तिची कारखान्यातील कामे. विमाने, अणुभट्ट्या, पाइपलाइन यांची तपासणी व दुरुस्ती ही देखभालीची. या शाखेचा पाया बऱ्याच अंशी पीएच.डी.च्या प्रबंधांनी घातला.

पहिला औद्योगिक रोबॉट ‘युनिमेट’ १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात रुजू झाला. त्याला दृष्टी नव्हती. शिकवलेल्या जागी हात न्यायचा, एवढेच त्याला येई; म्हणून प्रत्येक भाग जिग-फिक्स्चरमध्ये नेमक्या जागी बसवून द्यावा लागे. भाग थोडा सरकला तरी पकड चुके. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात सपाट पृष्ठांच्या ठोकळ्यांचे छायाचित्र घेऊन त्यांच्या कडा शोधल्या आणि त्यांवरून त्रिमितीय आकार उभा करून दाखवला. संगणकदृष्टीचा आरंभ बहुतेक अभ्यासक येथूनच मानतात.

दृष्टी आणि हालचाल एका चक्रात बांधण्याचा प्रारंभीचा महत्त्वाचा प्रयोग जपानमधला. शिराई आणि इनोउए यांनी १९७३ मध्ये कॅमेऱ्याच्या साहाय्याने चौकोनी ठोकळा पेटीत बसवून दाखवला. पाहणे, चूक मोजणे आणि हात हलवणे अशा एका फेरीला सुमारे १० सेकंद लागत. वेगाने चालणाऱ्या उत्पादनात हा काळ परवडणारा नव्हता. पण चूक मोजून ती कमी करत जाण्याचे तत्त्व सिद्ध झाले.

पुढे या नियंत्रणाच्या दोन वाटा झाल्या. पहिलीत प्रतिमेवरून वस्तूचे अवकाशातील स्थान काढतात आणि मग हात तिथे नेतात. दुसरीत प्रतिमेतील बिंदू हव्या त्या जागी येईपर्यंत कॅमेरा हलवत राहतात. वस्तूचे पूर्ण स्थान काढण्याची गरज पडत नाही. दुसऱ्या वाटेचा सविस्तर अभ्यास ली वाइस यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील १९८४ च्या प्रबंधात केला. फ्रान्समध्ये रेन येथे फ्रान्स्वा शोमेत यांनी १९९० च्या प्रबंधातून आणि नंतरच्या कामातून तिला भक्कम गणिती बैठक दिली. पीटर कॉर्क यांनी मेलबर्नमध्ये १९९४ साली पूर्ण केलेल्या प्रबंधाचा रोख वेगळा होता. चित्र मिळायला लागणारा वेळ, हाताचे कंपन, मोटरच्या मर्यादा यांमुळे कागदावरचे नियंत्रण प्रत्यक्षात का डळमळते, ते त्यांनी मोजून दाखवले. कारखान्याच्या दृष्टीने या तिघांतले सर्वांत उपयोगी काम कॉर्क यांचे म्हणावे लागेल.

या शाखेतली एक अडचण फार बोलकी आहे. शोमेत यांनी १९९८ मध्ये ती मांडली. वस्तू कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी १८० अंशांत फिरलेली असेल, तर कॅमेऱ्याने स्वतःभोवती अर्धा वळसा घेणे पुरेसे असते. पण नियंत्रण प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला त्याच्या लक्ष्याकडे सरळ रेषेत ओढते. त्या रेषा मधोमध छेदतात, म्हणून बिंदू एकत्र गोळा होऊ लागतात. ते साधण्यासाठी कॅमेरा वळण्याऐवजी मागे मागे हटत जातो आणि तत्त्वतः अनंतापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही वाटा एकत्र करणाऱ्या संकरित पद्धती याच काळात पुढे आल्या.

प्रतिमेतील मोजमाप हाताच्या हालचालीत उतरवायचे, तर कॅमेरा हाताला नेमका कोठे व कोणत्या कोनात जोडला आहे ते माहीत असावे लागते. त्साई व लेंझ यांनी १९८९ मध्ये मांडलेली हात-नेत्र अंशांकनाची रीत आजही वापरात आहे.

डब्यात कसेही पडलेले भाग उचलणे हा प्रश्न १९८० च्या दशकापासून संशोधकांपुढे आहे. चकाकणारा धातू, एकावर एक पडलेले तुकडे, सावल्या यांमुळे तो चिवट ठरला. २०१५ ते २०१७ या काळात ॲमेझॉनने फडताळातून वस्तू उचलण्याच्या स्पर्धा घेतल्या. नागोयातील २०१७ च्या स्पर्धेत टीसीएस आणि आयआयटी कानपूर यांचा संयुक्त संघही उतरला होता. त्याच सुमारास बर्कलीत जेफ्री माहलर यांनी पीएच.डी.च्या कामात पकडीचे प्रशिक्षण संगणकाने निर्मिलेल्या लाखो कृत्रिम दृश्यांवर दिले. प्रत्यक्ष वस्तू हजारो वेळा उचलून विदा गोळा करण्याचा खर्च त्यामुळे वाचला.

देखभालीचे काम स्वभावतःच अवघड. कारखान्यात परिसर रोबॉटला सोयीचा करून घेता येतो. जुन्या यंत्राजवळ रोबॉटलाच परिसराशी जुळवून घ्यावे लागते. गंज, तेल, वाकलेले पत्रे, मूळ आराखड्यात नसलेली जोडकामे असे सारे समोर येते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत उडत्या विमानातून फाटून निघाले. सांध्यातील रिव्हेटांभोवतीच्या थकव्याच्या भेगा हे कारण होते. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीला जोर आला आणि कार्नेगी मेलनमध्ये ‘अँडी’ हा रोबॉट तयार झाला. तो शोषण-कपांच्या आधारे विमानाच्या पत्र्याला चिकटून सरके, कॅमेऱ्याने रिव्हेटांची रांग धरे आणि भोवरा-प्रवाहाच्या शोधकाने भेगा तपासे.

इंग्लंडमधील कल्हम येथील ‘जेट’ या संलयन यंत्रातील भाग १९९८ मध्ये पूर्णपणे दूरनियंत्रणाने बदलण्यात आले. ‘मॅस्कॉट’ नावाचे दोन यांत्रिक हात आत शिरत, पण कॅमेऱ्यातून पाहून त्यांना चालवणारा माणूसच होता. देखभालीत दृष्टी यंत्राची आणि निर्णय माणसाचा ही विभागणी आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे. ती मोडण्याची घाई करण्यापेक्षा माणसाला नेमके दिसेल असे करणे, हे या क्षेत्रातील प्रबंधांसाठी अधिक मोलाचे उद्दिष्ट आहे. प्रयोगशाळेच्या स्थिर उजेडात मिळालेले यश पुरेसे मानू नये. तेलकट, गंजलेल्या, अर्धवट झाकलेल्या भागावर पद्धत कोठे फसली याची नोंद प्रबंधात असलीच पाहिजे. जेटमधील प्रयोग डिसेंबर २०२३ मध्ये संपले; ते यंत्र सुटे करण्याच्या कामातही दूरनियंत्रित हातच वापरले जात आहेत.